जी. आय. पी. रेल्वे : कंपनीचा इतिहास आणि रुळावरचा माणूस

आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास शिकवताना मी दरवर्षी वर्गात एक प्रश्न विचारतो. बोरघाटातली रेल्वे कोणी बांधली? पुण्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तिथले कितीतरी विद्यार्थी तळेगाव, देहूरोड, दौंड या बाजूंनी रोज रेल्वेनेच येतात. त्यामुळे प्रश्न त्यांना परका नसतो. उत्तर मात्र ठरलेले असते : 'इंग्रजांनी.' एखादा वाचणारा विद्यार्थी 'जी. आय. पी. कंपनीने' असे सांगतो. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उलट मलाच विचारले, "सर, बांधली म्हणजे काय? पैसे घातले त्यांनी, का दगड फोडले त्यांनी?"

तिला मी तासापुरते उत्तर दिले. पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे ते उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न आहे.

माझा आजा रेल्वेत गँगमन होता. बापही गँगमन म्हणून लागला आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. घरातला पहिला पदवीधर मी. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. आणि निजाम स्टेट रेल्वेसारख्या काही रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे निर्माण झाली, तरी 'मध्य रेल्वे' हा शब्द आज्याच्या तोंडात कधी बसला नाही. तो शेवटपर्यंत 'जीआयपी'च म्हणे. लहानपणी मला वाटायचे, जीआयपी हे कोणा साहेबाचे नाव असावे. पुढे पुस्तकांत या कंपनीचा इतिहास वाचला तेव्हा त्यात साहेब पुष्कळ भेटले, संचालक भेटले, इंजिनांची नावे भेटली. आजा भेटला नाही. तो ज्यात असेल असा इतिहास कसा मांडायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी मुंबईची नव्हे, लंडनची. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ती अस्तित्वात आली आणि त्याच महिन्यात, १७ ऑगस्टला, ईस्ट इंडिया कंपनीबरोबर तिचा करार झाला. पुण्यात आदल्याच वर्षी, १८४८ साली, जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. या दोन तारखा आपल्या इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. मला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण या देशात नवे युग दोन दारांनी येत होते. एका दाराने यंत्र येत होते, दुसऱ्या दाराने माणूस.

कंपनीचा करार समजून घेणे आवश्यक आहे. भागभांडवल लंडनमध्ये उभे राहायचे. त्यावर भागधारकाला दरसाल पाच टक्के मिळतील याची हमी होती. जमीन कंपनीला फुकट मिळायची. समजा, लंडनमधल्या एका गृहस्थाने शंभर पौंड गुंतवले आणि त्यावर्षी रेल्वेला त्या शंभरामागे दोनच पौंड सुटले. तर उरलेले तीन पौंड हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिले जायचे. रेल्वे चालो वा न चालो, खर्च अवाच्या सवा होवो, त्या गृहस्थाचे पाच पौंड कुठे जात नव्हते. मग काटकसर करण्याचे कारण कंपनीला उरते कुठे?

आणि हिंदुस्थानची तिजोरी म्हणजे काय? शेतसारा आणि मिठावरचा कर हे तिचे मोठे आधार. शेतसारा कुणब्याने भरायचा. मिठावरचा कर तर ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नाही, त्यालाही चुकत नव्हता. भाकरीबरोबर खायच्या मिठाच्या खड्यातून तो वसूल होई. म्हणजे 'पैसे कोणी घातले' या प्रश्नाचेही उत्तर आपण समजतो तितके सोपे नाही. पैसे लंडनच्या भागधारकाने घातले हे खरे. धोका मात्र त्याने पत्करला नाही. तो इथल्या रयतेने पत्करला, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. दादाभाई नौरोजींनी आणि त्यांच्या पिढीतल्या अर्थचिंतकांनी इंग्रजी राज्यातल्या संपत्तीच्या अपहाराचा जो हिशेब मांडला, त्यात या हमीच्या रकमेचाही समावेश होता. पण त्यांनी 'हिंदुस्थान' हा एक आकडा धरला. त्या आकड्यात कोणाचा वाटा किती, आणि सर्वांत खाली कोण, हा पुढचा हिशेब राहून गेला.

कराराची मुदत ९९ वर्षांची होती. पन्नास वर्षांनी सरकारला रेल्वे विकत घेण्याचा हक्क होता. त्याप्रमाणे १९०० साली सरकारने ती विकत घेतली, पण चालवण्यासाठी पुन्हा कंपनीकडेच दिली. ३० जून १९२५ पर्यंत कंपनीचा कारभार चालला आणि १ जुलैपासून तो सरकारकडे आला.

रेल्वे हवी कशासाठी होती? प्रवाशांसाठी नक्कीच नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबई बंदरात यायला कित्येक आठवडे लागत, वाटेत तो भिजे, मळे. अमेरिकेवर अवलंबून राहण्यातला धोका तिथल्या गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, दाखवून दिला. तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. जी. आय. पी.चा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. अमेरिकेतल्या काळ्या गुलामाच्या वेठीवर चालणारा व्यापार अडखळला तेव्हा त्याची जागा भरून काढायला आपल्याकडच्या कोरडवाहू शेतातला कापूस धावला. या दोन श्रमिकांची एकमेकांना ओळख नव्हती. बाजाराला मात्र दोघेही ठाऊक होते.

२

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस मैलांचा प्रवास, तोफांची सलामी. हे आपल्या शालेय पुस्तकांत आहे आणि ते पाठही असते. १८५४ मध्ये गाडी कल्याणला गेली, १८५६ मध्ये खोपोलीला. १४ जून १८५८ रोजी वरच्या बाजूने खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मधे बोरघाट उभा होता. पुढची पाच वर्षे उतारूंनी खोपोलीला उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे, असा प्रकार होता. पालखीत कोण बसत असे आणि ती खांद्यावर कोण घेत असे, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. सोळा मैलांहून थोड्या कमी अंतरात रेल्वेला १,८३१ फूट वर चढायचे होते. सर्वांत कठीण जागी चढ सदतीस फुटांना एक फूट इतका. पंचवीस बोगदे काढावे लागले. खडक काळा, सह्याद्रीचा. डायनामाइट अजून निघालेले नव्हते. पहारीने आणि घणाने हाताने भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. ज्या कड्यावर पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसाला दोराने खाली सोडत आणि तो लोंबकळत सुरुंगाचे भोक पाडी. पावसाळ्यात काम बंद पडे, मजूर पांगत, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा गोळा करावे लागत.

किती माणसे होती? सरासरी पंचवीस हजार. १८६१ साली तर बेचाळीस हजारांहून अधिक. बायका आणि मुले घमेली वाहत होती. वडार होते, देशावरची भूमिहीन माणसे होती, दुष्काळी गावांतून पोटासाठी उतरलेली कुटुंबे होती. राहायला गवताच्या झोपड्या, प्यायला ओढ्याचे पाणी. पटकीची साथ आली की झोपड्यांच्या रांगाच्या रांगा ओस पडत. सुरुंगाने, दरडीने, तापाने आणि पटकीने घाटात माणसे हजारोंनी मेली.

पहिला कंत्राटदार फॅविएल याच्या कारकिर्दीत मजुरी थकत गेली. वरचा कंत्राटदार गोरा, त्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम. पैसा या उतरंडीवरून खाली येईपर्यंत झिरपून जाई. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संताप उफाळला आणि घाटात दंगा झाला. महाराष्ट्रातल्या कामगारांच्या लढ्याची सुरुवात आपण गिरण्यांपासून धरतो. मला वाटते, ती या घाटापासून धरली पाहिजे. या माणसांना ना संघटना होती, ना पुढारी, ना वर्तमानपत्र. तरी 'केलेल्या कामाचा पैसा' ही मागणी घेऊन ती उभी राहिली.

त्यानंतर १८६० साली सरकारने एक कायदा केला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, असा त्याचा हेतू सांगितला गेला. पण करार मोडून काम सोडणारा मजूर त्यात गुन्हेगार ठरू शकत होता. व्यापाऱ्याने करार मोडला तर तो दिवाणी मामला. मजुराने मोडला तर फौजदारी. कायद्याची ही दुहेरी नजर आपल्याला नवी नाही. मनुस्मृतीतही एकाच अपराधाला माणूस पाहून शिक्षा होती.

फॅविएलने काम सोडले. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने दोन इंजिनिअरांच्या साहाय्याने कंत्राट पुरे केले. १८६३ साली घाट रेल्वेसाठी खुला झाला. मुख्य इंजिनिअर बर्कली ते पाहायला उरला नव्हता. आदल्याच वर्षी तो वारला होता. या सर्वांची नावे इतिहासात आहेत आणि असावीत. एका स्त्रीने असे काम तडीस नेले ही मोठीच गोष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच, की पंधरवड्यात मेलेल्या एका कंत्राटदाराचे नाव आपल्याला ठाऊक असते आणि सात वर्षे दगड फोडून मेलेल्या हजारोंपैकी एकाचेही नसते, याला योगायोग म्हणता येत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांची शिल्पमुखे आहेत. त्यांत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभाई आहेत. घुमटावर 'प्रगती'चा पुतळा उभा आहे, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. १९९६ साली स्थानकाचे नाव बदलले, ते योग्यच झाले. पण नाव बदलून भिंतीवरचे चेहरे बदलत नाहीत.

३

पहिली गाडी धावली त्याच वर्षी, ऑगस्ट १८५३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानविषयी लेख छापून आला. त्यात त्याने भाकीत केले, की रेल्वेतून जन्माला येणारे आधुनिक उद्योग वंशपरंपरेने चालत आलेली श्रमाची वाटणी मोडून काढतील आणि जातीचा पायाच त्यामुळे ढासळेल. हे भाकीत आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींनी फार काळ वेदवाक्यासारखे मानले. रेल्वे आली, गिरण्या आल्या, आता जात जाणारच. तिच्यासाठी वेगळे लढण्याचे कारण नाही, असा तो विचार होता.

हे भाकीत रेल्वेवरच तपासून पाहू. माणसे दोन प्रकारे रेल्वेत शिरली. तिकीट काढून आणि नोकरी धरून.

तिकिटाच्या बाजूने भाकीत पुष्कळसे खरे ठरले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सोवळ्यातला माणूस अस्पृश्याच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही, त्यामुळे रेल्वेला उतारूच मिळणार नाहीत, अशी शंका सुरुवातीला काढली जात होती. उतारू धो धो आले, आणि कंपन्यांची उताऱ्यांपासूनची कमाई मुख्यतः तिसऱ्या वर्गाने भरली. वर्ग पैशाप्रमाणे पाडले होते, जातीप्रमाणे नव्हे. कंपनीला जात मोडायची होती असे नाही. जातवार डबे जोडणे परवडणारे नव्हते, एवढेच. पण त्यातून जे घडले ते घडले. ज्या रस्त्यावरून आपल्या पूर्वजांना सावली सांभाळून चालावे लागे, त्या रस्त्याला समांतर असा एक रस्ता निघाला, जिथे तिकिटाचा तुकडा हाच अधिकार होता. गावकीची कामे टाकून, वेसकराची काठी ठेवून माणूस रोख मजुरीकडे जाऊ शकला. चळवळीलाही रेल्वेचा उपयोग झाला. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला आणि त्यानंतर प्रत्येक ६ डिसेंबरला दादरला जे लोक लोटले, ते याच रुळांवरून.

पण तिकिटाचे हे राज्य डब्याच्या दारापाशी संपत होते. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि आजच्या पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्थानकावर उतरला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुलांचे कपडे चांगले, बोलणे चांगले. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करू लागला. मुलाच्या तोंडून 'महार' हा शब्द निघाला आणि त्याचा चेहरा पालटला, तो बाजूला झाला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवाला मुलांबरोबर गाडीत बसेना. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, असा सौदा ठरला. मसूर जी. आय. पी.चे नव्हे, पण व्यवहार सगळीकडचा तोच. आगगाडीने त्या मुलांना जात विचारली नाही. फलाटाने विचारली.

४

आता नोकरीची बाजू. इथे कंपनीच्या अधिकृत इतिहासाचा काही उपयोग होत नाही. इथे एका भाषणाकडे वळावे लागते.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन दीड वर्ष झाले होते. या भाषणातले एक सूत्र आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे : कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नाकारणारी वृत्ती, जी कोणत्याही वर्गात असू शकते. हे सूत्र आपण नेहमी उद्धृत करतो. पण ते सूत्र ज्या पुराव्यावर उभे होते, तो पुरावा आपण विसरतो. तो पुरावा रेल्वेचा होता.

बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची उतरंडच उलगडून दाखवली. अस्पृश्य कामगार मुख्यतः गँगमन. आयुष्यभर गँगमन. त्याच्या वरची सर्वांत जवळची पायरी पोर्टरची. इथे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की हा पोर्टर म्हणजे उताऱ्यांचे सामान वाहणारा हमाल नव्हे. तो स्थानकावरचा पगारी नोकर. या जागेला ना शिक्षण लागत होते, ना विशेष कसब. मग अस्पृश्याला ती का मिळू नये? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे. स्टेशनमास्तर बहुधा सवर्ण. त्याच्या घरात अस्पृश्य कसा वावरणार? म्हणून पोर्टर स्पृश्यच हवा. कारकुनाच्या जागांना परीक्षा नव्हती, त्यामुळे त्या ओळखीपाळखीने सवर्णांना आणि अँग्लो-इंडियनांना जात. कारखान्यांत अस्पृश्य कुशल कारागीर क्वचित, मिस्त्री किंवा फोरमन तर नाहीच. तिथे तो कुली.

या पुराव्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. रूळ लोखंडाचे, इंजिन विलायतेचे, कंपनी लंडनची, नियमपुस्तक इंग्रजीत. या सगळ्यात जात कुठून शिरली? ती स्टेशनमास्तरच्या माठातून शिरली. कंपनीच्या कोणत्याही नियमात 'अस्पृश्यास पोर्टर करू नये' असे लिहिण्याची गरज पडली नाही. साहेबाला स्वस्त आणि बिनतक्रार चालणारी व्यवस्था हवी होती, आणि मधल्या माणसाला घरात शिवाशिव नको होती. दोघांची सोय जुळली. मार्क्सने म्हटलेली वंशपरंपरागत श्रमाची वाटणी रेल्वेने मोडली नाही. तिला पगारपत्रक दिले. जातिव्यवस्था ही केवळ कामांची नव्हे, तर काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सिद्धान्त म्हणून मांडले होते. मनमाडला त्यांनी ते एका कंपनीपुरते सिद्ध करून दाखवले.

अमेरिकेतल्या रेल्वेचा दाखला इथे उद्बोधक आहे. तिथे गुलामगिरी नष्ट झाल्यावर पुलमन नावाच्या कंपनीने आपल्या शयनयानांत पोर्टर म्हणून मुद्दाम काळ्या माणसांना घेतले. बिछाना घालायचा, बूट पुसायचे, हाक मारली की हसत यायचे. गोरे उतारू प्रत्येक पोर्टरला मालकाच्या नावाने 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारत. म्हणजे तिथे पोर्टरची जागा काळ्यासाठी राखलेली, आणि इथे तीच अस्पृश्याला बंद. वरवर उलटे दिसते, पण तर्क एकच. गोऱ्या मालकाला काळ्याची सेवा हवी होती, त्याचा स्पर्श चालत होता. इथे स्पर्शच चालत नव्हता, म्हणून सेवाही नाकारली गेली. वर्णद्वेष माणसाला पायाशी बसवतो; अस्पृश्यता त्याला उंबऱ्याबाहेर ठेवते. त्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ साली पुलमन कंपनीला करार करायला भाग पाडले. पुढच्याच वर्षी मनमाडची परिषद झाली. हजारो मैलांवरच्या दोन रेल्वेंवर तळाची माणसे जवळजवळ एकाच वेळी बोलू लागली होती.

परिषदेवर तेव्हाही आक्षेप आला, की अस्पृश्य कामगारांनी वेगळे जमणे म्हणजे कामगारांत फूट पाडणे. हा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याचे उत्तर उतरंडीतच आहे. फूट जिथे आधीच नोकरीच्या पायऱ्यांत बांधलेली आहे, तिथे ती दाखवणारा फूट पाडत नसतो. आणि हेही विसरता कामा नये, की त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. १८६० च्या कायद्याने घाटातल्या मजुराला काम सोडल्याबद्दल गुन्हेगार ठरवले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा तीच नजर कायद्यात येऊ पाहत होती आणि या वेळी तिला अडवायला माणसे उभी होती.

५

पुढे काय झाले? १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. संविधानाने त्या तत्त्वाला पक्का पाया दिला. स्टेशनमास्तरच्या माठाने अडवलेली पायरी नियमाने मोकळी केली. यंत्र जे करू शकले नाही ते कायद्याने सुरू केले. आज आपली मुले स्टेशनमास्तर आहेत, लोको पायलट आहेत, अधिकारी आहेत. 'गुणवत्ता' या शब्दाचे दडपण घेऊन जगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो, की ज्या पोर्टरच्या जागेला काहीच गुणवत्ता लागत नव्हती, तीही आपल्याला नाकारली गेली होती. तेव्हा आड आली ती गुणवत्ता नव्हे.

पण हिशेब संपलेला नाही. मैला हाताने साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या व्याख्येत 'रेल्वेरूळ' हा शब्द घालावा लागला. डब्यातले शौचकूप थेट रुळावर उघडे आणि स्थानकातला तो रूळ कोणीतरी झाडायचा. ते 'कोणीतरी' कोण असे, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको. आता डब्यांना जैव-शौचालये बसली आहेत, ही चांगली गोष्ट झाली. तंत्राने इथे मदत केली, पण दीडशे वर्षांनंतर. गाडी विजेवर आणायची निकड मात्र लवकर भासली होती; पुण्याचा मार्ग १९२९ सालीच विजेवर आला आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. यंत्र काय करू शकते यापेक्षा त्याच्याकडून आधी काय करून घ्यायचे हे कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट ठेक्याची. गाडीची, फलाटाची साफसफाई कंत्राटदाराकडे गेली, की राखीव जागांचा नियम दारातच थांबतो. कंपनी, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम, मजूर : ही बोरघाटातली साखळी आपण वर पाहिली. तिचे नवे रूप ओळखायला तिचा जुना इतिहास ठाऊक असावा लागतो. मला तरी इतिहास शिकवण्याचे एवढेच प्रयोजन दिसते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पैसे घातले ते, का दगड फोडले ते? माझे उत्तर असे : पैसे ज्यांनी घातले त्यांना हमी होती. दगड ज्यांनी फोडले त्यांना मजुरीचीही हमी नव्हती. आणि रेल्वे सुरू झाल्यावर तिचे रूळ ज्यांनी रोज जागेवर ठेवले, त्यांना वरची पायरी नव्हती. रेल्वे बांधणारे म्हणून मी शेवटच्या दोघांची नावे घेईन. पण नावे घ्यायची तर ती हाताशी हवीत.

म्हणून यंदा मी वर्गाला एक काम दिले आहे. ज्याच्या घरात कोणीही रेल्वेत होते, त्याने एक पान लिहून आणायचे. माणसाचे नाव, गाव, कोणत्या साली लागला, कोणत्या कामावर लागला, कोणत्या कामावरून निवृत्त झाला. आजोबा हयात असतील तर त्यांना विचारायचे, नसतील तर आजीला. घरच्या पत्र्याच्या पेटीत जुनी कागदपत्रे असतात, ती पाहायची. पहिले पान मी स्वतः लिहिले. आज्याचे नाव, गाव, 'गँगमन'. निवृत्तीच्या रकान्यातही 'गँगमन'. खाली बापाचे नाव, 'गँगमन', आणि निवृत्तीच्या रकान्यात 'मुकादम'. त्याखाली मी माझे नाव लिहिले नाही, कारण मी रेल्वेत नाही. पण बाप जवळ बसला होता. तो म्हणाला, "लिही की. तू शिकलास ते त्याच पगारावर."

हे त्रैमासिक ज्या ज्या घरात जाते, त्या घरांतूनही अशी पाने यावीत असे मला वाटते. मनमाड, भुसावळ, दौंड, कल्याण, नागपूर इथे रेल्वेच्या चाळींत वाढलेले कितीतरी वाचक असतील. कंपनीचा एक इतिहास लंडनच्या दप्तरात आहे. दुसरा आपल्या पेट्यांत पडून आहे. तो आता बाहेर काढला पाहिजे, कारण ज्यांना तो तोंडपाठ होता ती माणसे एकेक करून जात आहेत.